गिरणीचा पट्टा आणि संगणकाचा वेग

आजचा विषय आहे ओव्हरक्लॉकिंग. या शब्दाला मराठीत रुळलेला प्रतिशब्द नाही आणि तो घडवायच्या फंदात मी पडणार नाही. संगणकाच्या प्रोसेसरला कंपनीनं जो वेग ठरवून दिलेला असतो, त्याहून जास्त वेगानं तो चालवायचा, एवढाच त्याचा अर्थ. शहरात ही हौशी पोरांची करामत समजली जाते. निळे-तांबडे दिवे लावलेली काचेची कॅबिनेटं, पाणी फिरवून गार केलेले प्रोसेसर, असं काहीबाही डोळ्यांपुढे येतं. मी मात्र हे सगळं पाहिलं ते शहापूर आणि मुरबाडच्या बाजारपेठेत, फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत आणि पत्रिका छापणाऱ्यांच्या गाळ्यात. तिथे स्वस्तातला दोन कोअरचा प्रोसेसर आणि दोन-अडीच हजारांचा मदरबोर्ड एवढ्यावरच संसार चालायचा. माझा व्यवसाय संगणक दुरुस्तीचा. दुकान शहापूरला, आणि आठवड्यातले दोन दिवस मुरबाडला फेरी. तेव्हा जे सांगणार आहे ते बरंचसं हातात पाना-पेचकस घेऊन शिकलेलं आहे.

आधी वेग म्हणजे काय ते पाहू. आपला हा भाताचा मुलूख. भाताची गिरणी पाहिली नाही असा माणूस इथे सापडायचा नाही. जुनी डिझेल इंजिनावरची गिरणी आठवा. इंजिन एक लांब दांडा फिरवतं आणि त्या दांड्यावरून पट्टे निघतात. एक पट्टा भात भरडायच्या हलरला, एक पिठाच्या जात्याला, एक मिरची कांडपाला. इंजिन मिनिटाला ५०० फेरे घेत असेल आणि पुलीचं प्रमाण एकास दोन असेल, तर हलर १००० फेरे घेणार. हा हिशेब गिरणीवाल्याला तोंडपाठ असतो.

संगणकात अगदी असंच आहे. मदरबोर्डवर एक बारीकसा स्फटिक आणि त्याला जोडलेली चिप असते. ती सतत ठोके देते. २००७ सालच्या स्वस्त प्रोसेसरांसाठी हे ठोके सेकंदाला २० कोटी, म्हणजे २०० मेगाहर्ट्झ असत. याला एफएसबी म्हणत. (खोक्यावर ८०० लिहिलेलं असायचं, कारण प्रत्येक ठोक्याला चार वेळा माहितीची देवघेव होते. या ८०० आणि २००च्या घोळात गिऱ्हाइकंच काय, विकणारेही गोंधळायचे.) हा झाला इंजिनाचा दांडा. प्रोसेसरच्या आत एक गुणक असतो, ती झाली पुली. जून २००७मध्ये आलेल्या पेंटियम ड्युअल-कोअर ई-२१६० या प्रोसेसरचा गुणक ९ होता. नऊ गुणिले २०० म्हणजे १८०० मेगाहर्ट्झ, दुकानदाराच्या भाषेत १.८ गिगाहर्ट्झ. त्याच्या धाकट्या भावाचा, ई-२१४०चा, गुणक ८. म्हणून तो १.६.

आता पुली मोठी करायची म्हटलं तर ती कंपनीनं जणू वेल्डिंग करून टाकलेली असते. गुणक वाढवता येत नाही. पण इंजिनाचा वेग वाढवायला कोण अडवतो? मदरबोर्डच्या बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना डिलीट की दाबून जो निळा पडदा उघडतो त्यात, २००च्या जागी २६६ लिहायचं. नऊ गुणिले २६६, झाले जवळजवळ २४००. १.८चा प्रोसेसर २.४ झाला. पैसे शून्य.

आणि २.४ ही काही साधी गोष्ट नव्हती. जुलै २००६मध्ये इंटेलनं कोअर टू ड्युओ ई-६६०० बाजारात आणला, तो २.४चाच होता आणि त्याची अमेरिकेतली ठोक किंमत होती ३१६ डॉलर. ई-२१६० आला तेव्हा त्याची किंमत ८४ डॉलर. दोन्ही एकाच घराण्यातले. फरक होता तो मुख्यतः कॅश मेमरीचा. महागड्यात ती ४ मेगाबाइट, स्वस्तात १. त्यामुळे वेग वाढवला म्हणून स्वस्त प्रोसेसर महागड्याच्या तंतोतंत बरोबरीला येत नसे. पण बरंच अंतर कापून जात असे.

ही युक्ती तेव्हाही नवी नव्हती. १९९८ साली सेलेरॉन ३००ए नावाचा प्रोसेसर आला. त्याचा गुणक साडेचार आणि मूळ ठोके ६६. ठोके १०० केले की तो थेट ४५० मेगाहर्ट्झवर जाई. १४९ डॉलरचा प्रोसेसर ६६९ डॉलरच्या पेंटियम टू ४५०शी झुंज देई. बरोबर १००च का, याचं उत्तर पुन्हा गिरणीत आहे. दांड्याचा वेग वाढवला की हलरबरोबर जातं आणि कांडपही जोरात फिरू लागतं. संगणकात हे बाकीचे पट्टे म्हणजे रॅम, हार्डडिस्क, साउंड कार्ड वगैरे. पीसीआयवरच्या कार्डांना ३३ मेगाहर्ट्झ लागतात. मदरबोर्ड ६६ला दोननं भागून आणि १००ला तीननं भागून बरोबर ३३ देत असे. पण कोणी ठोके ८३ केले तर भागाकार ४१च्या पुढे जाई आणि हार्डडिस्कवर भलतंच काहीतरी लिहिलं जाई. पुढच्या काळातल्या बोर्डांवर हा पट्टा वेगळा काढून त्याचा वेग कायम ठेवायची सोय आली. फक्त रॅम दांड्याला बांधलेली राहिली. म्हणून एफएसबी वाढवताना रॅमचा दर आधी खाली उतरवायचा, हा नियम.

जाता जाता सांगतो. पेंटियम हे नाव १९९३चं. त्या पहिल्या पेंटियमच्या जन्माशी ज्यांची नावं जोडली जातात त्यांतले विनोद धाम पुण्यात जन्मलेले, आणि अवतार सैनी मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकलेले. शहापूरच्या पोरांना मी हे मुद्दाम सांगतो. आसनगावहून लोकल पकडली की ती दादरला सोडते, तिथून माटुंग्याचं व्हीजेटीआय काही लांब नाही.

मग प्रश्न येतो की प्रोसेसर २.४वर पळू शकतो, तर कंपनी त्यावर १.८ का लिहिते? कंपनीला पैसे नकोत का? याची कारणं दोन. एक व्यापाराचं. एकाच चकतीवर शेकडो चिप तयार होतात, त्या तपासून त्यांची प्रतवारी होते. पण बाजारात स्वस्त मालाला मागणी फार. कमी प्रतीच्या चिप तेवढ्या निघत नाहीत, तेव्हा चांगल्या चिपवरही स्वस्त शिक्का मारून त्या विकल्या जातात. दुसरं कारण आपल्या दृष्टीनं जास्त महत्त्वाचं. कंपनीला ठाऊक असतं की हा प्रोसेसर कुठेही जाऊन पडणार आहे. पत्र्याच्या छपराखाली, धुळीत, कमी दाबाच्या विजेवर, हलक्या पॉवर सप्लायवर. तिथेही तो वर्षानुवर्षं चालला पाहिजे. म्हणून ताकदीपेक्षा खालचा वेग छापून मध्ये राखीव जागा सोडलेली असते. ओव्हरक्लॉकिंग करणारा ही राखीव जागा खर्च करतो.

आता नीट विचार करा. ती राखीव जागा ज्यांच्यासाठी ठेवली, ते आपणच. जर्मनीतला किंवा कॅनडातला मुलगा २० अंशांच्या खोलीत बसून ती सगळी वापरू शकतो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत तिच्यातली बरीचशी निसर्गानंच आधी वापरून टाकलेली असते.

हिशेब सांगतो. प्रोसेसरवरचा पंखा प्रोसेसरला खोलीपेक्षा गार करू शकत नाही. तो फक्त खोलीच्या तापमानापेक्षा किती वर जाऊ द्यायचं तेवढं सांभाळतो. समजा पूर्ण कामावर असताना प्रोसेसर खोलीच्या हवेपेक्षा ३० अंशांनी वर जातो. २० अंशांच्या खोलीत तो ५०ला थांबेल. मुरबाडला मे महिन्यात भर दुपारी पत्र्याखाली ४२ अंश असतात. तिथे तोच प्रोसेसर ७२ला पोहोचला, आणि वेग तर अजून वाढवलेलाच नाही.

वेग वाढवला की उष्णता कशी वाढते याचंही साधं सूत्र आहे. उष्णता वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. म्हणजे व्होल्टेजला हात न लावता १.८चं २.४ केलं, तर उष्णता साधारण एक-तृतीयांशानं वाढते. हे झेपण्यासारखं असतं. पण १.६चा ई-२१४० ओढून २.६६वर न्यायचा आणि त्यासाठी व्होल्टेज १.२ वरून १.३ करायचं ठरवलं, तर वेगाचे १.६६ आणि व्होल्टेजचे १.१७, यांचा गुणाकार जवळजवळ दोन येतो. प्रोसेसरची उष्णता दुप्पट. व्होल्टेजची ही शून्य पूर्णांक एकाची वाढ कागदावर अगदी किरकोळ दिसते, आणि पोरं फसतात ती नेमकी इथे.

एवढं असताना लोक हे करत का होते? मी केवळ हौसेनं कोणाला करून दिलेलं नाही. एक उदाहरण सांगतो, नाव सांगत नाही.

साल २००८. मुरबाडला एक स्टुडिओवाला होता, लग्नाच्या शूटिंगची कामं करायचा. तेव्हा कॅमेऱ्यात छोट्या कॅसेट असत. त्या संगणकात उतरवायच्या, कापाकापी करायची, गाणी चढवायची, फुलं-दिलाच्या आकारातले इफेक्ट घालायचे आणि शेवटी सगळ्याची डीव्हीडी करायची. या शेवटच्या पायरीला रेंडरिंग म्हणतात. त्यात संगणक तासन् तास एकटा काम करत बसतो. तीन तासांच्या लग्नाला त्याच्या १.८च्या मशीनवर साडेसहा तास लागायचे. आता ते दिवस आठवा. भारनियमनाचे दिवस होते ते. दिवसा वीज येऊन-जाऊन असायची, आणि रात्री सलग मिळायची ती साधारण सहा तास. साडेसहा तासांचं काम आणि सहा तासांची वीज! पहाटे वीज गेली की यूपीएस दहा मिनिटं किंचाळून बंद पडायचा. काम पुन्हा पहिल्यापासून. लग्नाचे दोन भाग करून वेगवेगळे काढले तर मध्ये जोड दिसायचा, गाणं तुटायचं, आणि वऱ्हाडी मंडळी पहिलं बोट तिथेच ठेवायची. लग्नसराई एप्रिल-मेची, म्हणजे ऐन उन्हाळ्याची. आठ-दहा लग्नं तुंबलेली. लोक ॲडव्हान्स देऊन बसलेले. नवा संगणक घ्यायचा तर कर्ज, जनरेटर घ्यायचा तर डिझेल.

त्याचा प्रोसेसर ई-२१६० होता. मदरबोर्ड जी-३१ चिपचा, तेव्हाच्या बाजारातला सगळ्यांत स्वस्त प्रकार, पण अधिकृतपणे ३३३पर्यंतचे ठोके सांभाळणारा. म्हणजे २६६ हा त्या बोर्डाच्या आवाक्यातलाच आकडा. सरळ हिशेबानं साडेसहा तासांचे पाऊणपट, पाच तासांच्या आत यायला हवे होते. प्रत्यक्षात पाच तासांच्या थोडे वर गेले, कारण हार्डडिस्क आणि रॅम काही पाऊणपट लवकर काम करत नाहीत. पण सहा तासांच्या आत बसलं. रात्री साडेदहाला लावायचं आणि पहाटे डीव्हीडी हातात. जादा वीज किती लागली म्हणाल तर फार तर २५ वॅट. पाच तासांला युनिटचा आठवा भाग.

पण हे करण्याआधी मी त्याला दोन अटी घातल्या होत्या. पहिली, गिऱ्हाईक डीव्हीडी पाहून समाधानी होत नाही तोवर मूळ कॅसेट पुसायची नाही. दुसरी, हिशेबाच्या वह्या, पत्ते, जुने अल्बम यांतलं काहीही फक्त या मशीनवर ठेवायचं नाही. त्यामागचं कारण असं. जास्त ताणलेला प्रोसेसर दर वेळी बंद पडून इशारा देतोच असं नाही. कधी कधी तो चालू राहतो आणि मधूनच एखादं गणित चुकवतो. चित्रात एका फ्रेमला हिरवा ठिपका आला तर दिसतो तरी. फाइल कॉपी करताना एक आकडा चुकला तर सहा महिन्यांनी फाइल उघडेनाशी होते, तेव्हा कळतं. लग्न काही पुन्हा लागत नाही.

म्हणून चाचणीला मी फार जपतो. मेमटेस्ट नावाचा प्रोग्राम रॅम तपासतो, तो रात्रभर चालवायचा. प्राइम९५ हा प्रोसेसरला अवघड गणितं घालतो आणि आलेली उत्तरं आधीच ठाऊक असलेल्या उत्तरांशी ताडून पाहतो. एक जरी चूक निघाली तर तो वेग आपल्या कामाचा नाही. पुष्कळ लोक ही चाचणी दहा मिनिटं करतात आणि तीही डिसेंबरच्या रात्री. मी कॅबिनेटचं झाकण लावून, मे महिन्यात दुपारी दोन वाजता, वीज असेल तेवढा वेळ करतो. आतलं तापमान ७०च्या पुढे सरकलं तर वेग खाली.

आता स्वस्त मदरबोर्डकडे वळू, कारण मशीन मरतं ते बहुधा तिथे. प्रोसेसर सहसा मरत नाही. फार ताप झाला तर तो स्वतःचा वेग कमी करतो, नाहीतर मशीन बंद करतो. पण पॉवर सप्लायमधून येणाऱ्या १२ व्होल्टचे सव्वा व्होल्ट करून प्रोसेसरला देणारी जी मंडळी त्याच्या शेजारी उभी असतात, त्यांना कोणी विचारत नाही. महागड्या बोर्डावर हे काम सहा-आठ जणांत वाटलेलं असतं आणि त्यांच्या डोक्यावर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असतात. स्वस्त बोर्डावर तिघांत वाटलेलं, आणि डोक्यावर काही नाही. खांदेकरी कमी आणि पालखी जड, असा प्रकार. उष्णता वाढली की शेजारचे कपॅसिटर फुगतात. ती पिंपासारखी छोटी नळकांडी असतात ना, त्यांचा माथा सपाट हवा. माथा फुगला किंवा त्यातून तपकिरी चिकटा आला की समजावं. शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत जगभरच खराब कपॅसिटरांची साथ आली होती, त्यातले बोर्ड आपल्याकडे बरीच वर्षं येत राहिले. पाच-दहा रुपयांचा कपॅसिटर बदलून मी कितीतरी बोर्ड उठवले आहेत.

इथे एक गंमत आहे. प्रोसेसरबरोबर फुकट येणारा गोल पंखा सगळे नावं ठेवून काढून टाकतात आणि उंच उभा कूलर बसवतात. फुकटचा पंखा हवा खाली फेकतो आणि ती पसरून बोर्डावरच्या या उघड्या भागांनाही लागते. उभा कूलर हवा आडवी फेकतो. प्रोसेसर गार, शेजारी तापलेले. स्वस्त बोर्डावर मला तो गोल पंखाच बरा वाटतो, फक्त त्याच्या चारही खुंट्या नीट बसल्या आहेत ना ते बोर्ड उलटा करून पाहावं. एक खुंटी अर्धवट बसलेली असणं हा आपल्या भागातला सगळ्यांत मोठा रोग. वीटभट्टीची राख आणि गिरणीचा तूस हा दुसरा. एका मशीनच्या पंख्याखालून मी चिमटीनं नमद्यासारखा थर काढला होता, तो हातात धरून दाखवता आला असता.

पॉवर सप्लायबद्दल बोललो नाही तर विषय अपुरा राहील. कॅबिनेटबरोबर फुकट मिळणाऱ्या डब्यावर ४५० वॅट छापलेलं असे. हातात घेतला तर नारळाएवढाही जड नाही. अशा डब्यावर वेग वाढवू नये, एवढंच सांगतो. त्यात आपल्या गावांत संध्याकाळी दाब १७० व्होल्टपर्यंत उतरायचा आणि पंपाच्या मोटारी बंद झाल्या की एकदम चढायचा. स्टॅबिलायझर आणि चांगलं अर्थिंग नसेल तर प्रोसेसरच्या वेगाची चर्चाच करू नये.

काही पोरं याच्याही पुढे गेली. ज्या बोर्डात वेग बदलायची सोयच नव्हती, तिथे प्रोसेसरच्या पोटाखालच्या शेकडो सोनेरी टिंबांपैकी दोन टिंबं वाहक रंगानं जोडली, की बोर्डाला वाटे हा २६६चाच प्रोसेसर आहे. युक्ती खरी आहे, चालतेही. पण रंगाचा थेंब जरा सरकला की खेळ खलास. मला कोणी हे करायला सांगितलं तर मी हात जोडतो.

२००८च्या ऑगस्टमध्ये ई-५२०० आला. गुणक साडेबारा. तो ४५ नॅनोमीटरच्या नव्या पद्धतीनं बनवलेला, त्यामुळे कमी तापणारा. साडेबारा गुणिले २६६, ३.३३ गिगाहर्ट्झ! स्वस्तातल्या ओव्हरक्लॉकिंगचे ते सोन्याचे दिवस होते. २०११च्या जानेवारीत ते संपले. इंटेलनं नव्या पिढीत सगळे पट्टे एकाच १०० मेगाहर्ट्झच्या दांड्याला जोडले. तो पाच टक्क्यांपलीकडे हलवला की यूएसबी आणि हार्डडिस्क रुसून बसत. पुली सोडवलेली मिळे ती फक्त नावात के असलेल्या महाग प्रोसेसरांत, आणि तीही महाग बोर्डांवरच फिरे.

मग २०१४ साली पेंटियमला वीस वर्षं झाल्याच्या निमित्तानं कंपनीनं एक भेट दिली. जी-३२५८ नावाचा ७२ डॉलरचा दोन कोअरचा प्रोसेसर, पुली उघडी. ३.२चा प्रोसेसर चांगल्या पंख्यावर ४.२पर्यंत जाई. अधिकृतपणे त्याला झेड मालिकेचा महाग बोर्ड हवा होता. पण बोर्ड बनवणाऱ्यांनी एच-८१सारख्या स्वस्त बोर्डांसाठीही नवे बायोस काढले आणि त्यात गुणक बदलायची सोय दिली.

आमच्याकडे अडचण उभी राहिली ती बायोस बदलण्याची. त्या दोन-तीन मिनिटांत वीज गेली तर बोर्ड दगड होतो. मग आठ पायांची ती चिप काढून दुसऱ्या यंत्रावर लिहून आणायची, त्यासाठी कल्याण किंवा थेट लॅमिंग्टन रोड गाठायचा. मुरबाडला तर रेल्वेही नाही, एसटीनं कल्याण आणि पुढे लोकल. त्यामुळे मी बायोस बदलायचा तो भरलेल्या बॅटरीच्या यूपीएसवर, आणि आकाशात ढग नाहीत ना ते बघून. हसू नका. जूनमध्ये शहापूरला पहिली वीज कडाडली की फीडर गेलाच.

त्यातून एक वेगळंच लचांड निघालं. २०१५मध्ये विंडोजच्या अपडेटबरोबर प्रोसेसरसाठी नवा मायक्रोकोड आला आणि स्वस्त बोर्डांवर वेग वाढवलेली यांतली काही मशीनं सुरू होताना मध्येच अडकू लागली. एक कोअर बंद केला तर चालू होत. दोन कोअरच्या मशीनमधला एक बंद! आणि तेव्हाच फार क्राय ४सारखे खेळ आले, जे दोन धाग्यांच्या प्रोसेसरवर सुरूच होत नव्हते. वेग ४.२ असो की ५, खेळ म्हणे मला चार हवेत. एका बैलाला कितीही पळवला तरी चार बैलांचा नांगर त्याच्यानं ओढवत नाही, हे तेव्हा पोरांच्या नीट लक्षात आलं.

नोव्हेंबर २०१९मध्ये एएमडीनं ॲथलॉन ३०००जी आणला. ४९ डॉलर, दोन कोअर, ३.५ गिगाहर्ट्झ, पुली उघडी. तोही एरवी गुणी प्रोसेसर, पण ए-३२० या सगळ्यांत स्वस्त बोर्डावर वेग वाढवता येत नाही. बी-४५० घ्यावा लागतो, आणि वाचवलेले पैसे तिथे जातात. शिवाय आताचे प्रोसेसर आपल्यासाठी राखीव जागा फारशी ठेवतच नाहीत. थंड असतील तर आपणहून वेग वाढवतात, तापले की आपणहून उतरतात. कंपनीच तो खेळ खेळते. त्यात तीही अडचणीत येते बरं का. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतले काही महागडे प्रोसेसर जास्त व्होल्टेज मागून आतून झिजू लागले. २०२४मध्ये कंपनीनं ते मान्य केलं, दुरुस्तीचा मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली.

आजही माझ्याकडे ई-५२०० आणि जी-३२५८ची मशीनं येतात. मुंबईच्या ऑफिसांतून निघालेली, कोणी शाळेला दिलेली, कोणी बारावीच्या मुलीसाठी दोन हजारांत घेतलेली. विंडोज ११ त्यांच्यावर रीतसर चालत नाही आणि विंडोज १०चा आधार ऑक्टोबर २०२५मध्ये संपला, म्हणून मी बहुतेकांवर लिनक्स टाकून देतो. याचा वेग वाढेल का, असं प्रत्येक जण विचारतो. मी पंखा धुतो, सुकलेली पेस्ट पुसून नवी लावतो, फुगलेले कपॅसिटर बदलतो आणि जुनी हार्डडिस्क काढून छोटी एसएसडी बसवतो. दोन मिनिटांत सुरू होणारं मशीन वीस-पंचवीस सेकंदांत सुरू होतं, आणि नव्वद टक्के लोक तिथेच खूश होऊन घरी जातात. उरलेल्या दहांपैकी कोणी २६६चा हट्ट धरलाच, तर त्याला मी मे महिन्यात दुपारी दोन वाजता यायला सांगतो.